गिटारचा आवाज बसका वाटतो: दोष टॉपच्या लाकडाचा की तारांचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ठाण्यात राहता. ड्रेडनॉट आकाराची, म्हणजे मोठ्या बॉडीची, स्टीलच्या तारांची गिटार तीन वर्षांपूर्वी घेतली. बहुतेक वेळ बोटांनी वाजवून गाण्याला साथ करता, अधूनमधून पिकने स्ट्रमिंग. घेतली तेव्हा आवाज मोकळा होता, आता बसका वाटतो आणि पावसाळ्यात तारा फ्रेटबोर्डापासून वर जातात. दुकानदार म्हणतात सिडार लाकडाच्या टॉपची (टॉप म्हणजे गिटारच्या पेटीची पुढची फळी) नवी घ्या, मित्र म्हणतो स्प्रूस लाकूडच हवं. तारा ८०/२० घ्याव्यात की फॉस्फर ब्राँझ, यावरही दोघांचं जुळत नाही.

यात एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली आहे. टॉपचं लाकूड तीन वर्षांपूर्वी होतं तेच आज आहे. तेव्हा गिटार मोकळी वाजत होती, म्हणजे त्या टॉपमधून तो आवाज निघू शकतो. गेलेला आवाज शोधायचा तर मधल्या काळात काय बदललं ते बघायला हवं, आणि बदलतात त्या तीन गोष्टी: तारा, लाकडात मुरलेली ओल आणि सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि मानेचा बाक यांची जुळणी. स्प्रूस की सिडार हा प्रश्न खोटा नाही, पण तो नवी गिटार निवडतानाचा आहे. म्हणून आधी तारा, मग ओल, आणि लाकडाच्या जातीकडे शेवटी येतो.

स्टील गिटारच्या सहा तारांपैकी पहिल्या दोन साध्या पोलादी असतात. तिसरीपासून सहावीपर्यंतच्या चार तारांना आत पोलादी गाभा आणि त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं वेटोळं असतं. ८०/२० की फॉस्फर ब्राँझ हा सगळा वाद या वेटोळ्याचा आहे. दोन्ही पाकिटांतल्या पहिल्या दोन तारा सारख्याच पोलादी असतात. त्यामुळे ‘पहिली तार किरटी वाजते’ ही तक्रार धातू बदलून जात नाही, तिथे जाडी बदलावी लागते.

८०/२० मध्ये ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त असतं. नव्या असताना या तारा खणखणीत वाजतात, वरचे स्वर चमकतात, स्ट्रमिंग सगळ्या गोंगाटातून पुढे येतं. फॉस्फर ब्राँझमध्ये साधारण ९२ टक्के तांबं, ८ टक्के कथील आणि अगदी थोडा फॉस्फरस. यांचा आवाज जरा गोल, मधल्या पट्टीत भरलेला. गाण्याला बोटांनी साथ करणाऱ्याला मी हाच धातू सुचवतो, कारण गळ्याच्या पट्टीवर तारेची चुरचुर येत नाही. पण तुमच्यासाठी याहून मोठं कारण ठाण्याची हवा आहे. दमट, घामट हवेत ८०/२० ची चमक लवकर उतरते, फॉस्फर ब्राँझ तुलनेनं जास्त टिकतं.

तार ‘मरते’ म्हणजे नेमकं काय होतं, हे समजलं तर पुढचे निर्णय सोपे जातात. घाम, त्वचेचे कण आणि धूळ वेटोळ्याच्या फटींत बसतात. तारेचं वजन लांबीभर सारखं राहत नाही आणि तिच्या हलण्याला आतूनच अडथळा होतो. मूळ स्वर ऐकू येत राहतो, पण त्याच्यावरचे स्वर आधी मरतात आणि आस (स्वराचं रेंगाळणं) कमी होते. वजन असमान झाल्यामुळे बाराव्या फ्रेटवरचा स्वरही मोकळ्या तारेशी जुळेनासा होतो. ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो आणि कॉर्ड मात्र बेसूर लागते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. रोज तासभर वाजवत असाल तर किनारपट्टीच्या हवेत साध्या तारा महिना-दीड महिना बऱ्या वाजतात. त्यापुढे तुम्हाला ऐकू येतो तो गिटारचा आवाज राहत नाही, मळलेल्या तारेचा असतो. तुम्ही शेवटच्या तारा कधी बदलल्या हे प्रश्नात कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून पहिला संशय इथेच आहे.

पातळ पॉलिमरचं आवरण असलेल्या, म्हणजे कोटेड तारा (एलिक्सर आणि इतर कंपन्यांच्या) किमतीला दुप्पट-तिप्पट असतात. त्यांची अगदी पहिली चमक साध्या तारांपेक्षा किंचित कमी असते, पण ती पातळी दोन-तीन महिने टिकते. कोकणपट्टीत आणि ज्यांच्या हाताला फार घाम येतो त्यांच्यासाठी हा खर्च वाया जात नाही. नागपूरला कोरड्या हवेत राहणाऱ्याला मी तो आग्रह धरणार नाही. कोणत्याही तारा असोत, वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्यानं तारेच्या खालच्या बाजूनेही पुसा, मळ तिथेच साचतो. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल लावू नका. ते वेटोळ्यात शिरतं, धूळ धरून ठेवतं आणि तार आणखी लवकर बसते. तारा पाण्यात उकळण्याचा उपाय दोन-चार दिवसांपुरता असतो.

आता जाडी. दुकानात ‘लाइट’ म्हणून मिळणारा संच .०१२ (पहिली तार) ते .०५३ (सहावी) इंचांचा असतो आणि ६४५ मिलिमीटर स्केलच्या (तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) गिटारवर त्याचा एकूण ताण साधारण ७४ किलो येतो. .०११ ते .०५२ चा ‘कस्टम लाइट’ संच ६८-६९ किलोंवर, .०१० चा ‘एक्स्ट्रा लाइट’ ६० च्या थोडा वर, आणि .०१३ ते .०५६ चा ‘मीडियम’ ८५ च्या आसपास. टॉपला हलवणारं बळ याच ताणातून येतं. ड्रेडनॉटचा टॉप मोठा असतो आणि त्याखालचे ब्रेसेस, म्हणजे आतून चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या, या ताणाला तोंड द्यायला बनवलेले असतात. त्यावर .०१० चा संच चढवला की बोटांना बरं वाटतं, पण टॉपला पुरेसा धक्का मिळत नाही आणि खर्ज पोकळ होतो. बसक्या आवाजाची तक्रार घेऊन येणाऱ्या कितीतरी गिटारींवर मला हा संच दिसतो. सुरुवातीला बोटं दुखतात म्हणून दुकानात तो बसवून देतात आणि पुढे तोच चालू राहतो. तुमच्याकडे .०१० असेल तर .०१२ फॉस्फर ब्राँझ लावा. बोटांना जड गेला तर .०११. मीडियम मात्र लावू नका. बऱ्याच गिटारींचे ब्रेसेस तेवढ्या ताणासाठी नसतात आणि ब्रिजच्या (टॉपवर तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी) मागचा भाग फुगतो.

जाडी वाढवली की आणखी दोन गोष्टी हलतात. मानेवर ताण वाढून ती थोडी पुढे वाकते, म्हणजे ॲक्शन (तारांची फ्रेट्सपासूनची उंची) वाढते. आणि नटच्या (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाचा पातळ तारेसाठी कापलेल्या असतील तर जाड तार त्यात अडकते. ट्यून करताना ‘टिक्’ असा आवाज येऊन स्वर उडी मारतो. खाच योग्य मापाच्या कानसीनं रुंद करून घ्यावी लागते. पेन्सिलचं शिसं खाचेत घासणं हा तात्पुरता, पण निरुपद्रवी उपाय आहे.

तारा बसवताना सगळ्यात जास्त चूक ब्रिजपाशी होते. तारेच्या टोकाची पितळी कडी, तार ब्रिजमध्ये धरून ठेवणाऱ्या पिनच्या बुडावर टेकून राहिली तर पिन वर उडते आणि आतल्या ब्रिजप्लेटचं, म्हणजे ब्रिजखालच्या फळीचं, लाकूड झिजत जातं. कडी आत टाका, पिनची खाच साउंडहोलकडे (मधल्या गोल भोकाकडे) ठेवून ती सैल बसवा, मग एका बोटानं पिन दाबून तार वर ओढा. कडी ब्रिजप्लेटला आतून टेकल्याचं हाताला कळतं. खुंटीच्या पुढे चार-पाच सेंटिमीटर तार सोडा, म्हणजे जाड तारांना दोन-तीन आणि पातळ तारांना तीन-चार वेढे बसतात. वेढे एकाखाली एक यावेत. तार चढवल्यावर बाराव्या फ्रेटपाशी हलकेच वर ओढून पुन्हा ट्यून करा, असं तीनदा केलं की ती लवकर स्थिर होते.

आता पावसाळा, आणि तुमच्या तक्रारीतला दुसरा मोठा भाग. हवेत ४५ टक्के आर्द्रता असेल तर लाकडात वजनाच्या ८-९ टक्के पाणी राहतं. जुलैत ठाण्यात असते तशी ८५ टक्के आर्द्रता आठवडेच्या आठवडे टिकली की ते १७-१८ टक्क्यांवर जातं. टॉप जड होतो आणि तारेची ऊर्जा आवाज होण्याऐवजी लाकडातच जिरते. पावसात तबल्याची पुडी उतरते तसाच हा प्रकार आहे, फरक इतकाच की गिटारला हातोडीनं चढवता येत नाही. शिवाय लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं, आतून चिकटवलेले ब्रेसेस त्याला पसरू देत नाहीत, मग टॉप घुमटासारखा वर येतो. ब्रिज वर, त्यातलं सॅडल (तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) वर, तारा वर. तुम्हाला दिसते ती ॲक्शनची वाढ बहुधा हीच.

म्हणून पावसाळ्यात सॅडल घासून ॲक्शन कमी करू नका. डिसेंबरात टॉप खाली आला की तीच गिटार पहिल्या पाच फ्रेट्सवर घरघरायला लागते आणि घासलेलं सॅडल परत उंच होत नाही. त्यापेक्षा दोन सॅडल ठेवा: मूळ उंचीचं हिवाळ्यासाठी, अर्धा-पाऊण मिलिमीटर कमी उंचीचं पावसाळ्यासाठी. सॅडल एक मिलिमीटर उतरलं की बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर उतरते, हा हिशोब लक्षात ठेवा. प्लास्टिकऐवजी हाडाचं सॅडल बसवलं तर आवाजही थोडा स्वच्छ होतो, मात्र त्याचं बूड खाचेत सपाट बसलं पाहिजे. तिरकं बसलं तर फायदा उलटा होतो.

ओलीवर उपाय सोपा आहे, शिस्त लागते इतकंच. गिटार कडक केसमध्ये ठेवा. कापडी बॅगमधून हवा आरपार जाते, तिच्यात काही ठेवून उपयोग नाही. केसमध्ये १०० ते २०० ग्रॅम सिलिका जेल सुती पुरचुंडीत ठेवा, रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास वाळवून परत वापरा. सोबत छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवा आणि आकडा ४५ ते ५५ च्या दरम्यान धरा. ४० च्या खाली जाऊ लागला तर जेल काढा. स्वस्त हायग्रोमीटर १० टक्क्यांनीही चुकू शकतो, म्हणून आधी तपासून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओलं करा, पण विरघळू देऊ नका. झाकण आणि यंत्र घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. यंत्र ७० दाखवत असेल तर नेहमी ५ मिळवून वाचा. विदर्भातल्या वाचकांसाठी सगळं उलटं आहे: एप्रिल-मेमध्ये तिथे टॉप आत बसतो, फ्रेट्सची टोकं बोटांना टोचू लागतात आणि सॉलिड, म्हणजे एकसंध लाकडाचा, टॉप रेषेवर चिरतो. तिथे ओल काढायची नसते, द्यायची असते.

मग टॉपचं लाकूड. इथे दुकानात विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘कोणतं लाकूड’ असतो. माझ्या मते पहिला प्रश्न ‘सॉलिड आहे का’ हा हवा. लॅमिनेट टॉप म्हणजे तीन पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले. स्प्रूसची खरी ताकद अशी की रेषांच्या दिशेत ते फार ताठ असतं आणि तरीही हलकं. मधला थर आडवा चिकटवला की ते गणित मोडतं, गोंदाचं वजन वाढतं ते वेगळंच. ओळखायचं कसं? साउंडहोलची कड उजेडात बघा. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेच्या जाडीत सरळ खाली उतरताना दिसल्या तर टॉप सॉलिड. कडेत वेगवेगळे थर दिसले तर लॅमिनेट. कड रंगवलेली असेल तर कागदपत्रात ‘सॉलिड’ हा शब्द शोधा. नुसतं ‘स्प्रूस टॉप’ किंवा ‘सिलेक्ट स्प्रूस’ लिहिलं असेल तर लॅमिनेट धरून चाला. एकाच कंपनीत दोन्ही असतात: यामाहाच्या एफ३१० चा टॉप लॅमिनेट आहे, एफजी८०० चा सॉलिड सिटका. लॅमिनेट टाकाऊ नाही. प्रवासाला, शाळेच्या वर्गाला आणि ओल सांभाळणं शक्य नसलेल्या घराला तेच बरं. फक्त त्यावर लिहिलेल्या लाकडाच्या जातीला ऐकण्याच्या दृष्टीने फार अर्थ नसतो.

सॉलिड टॉपमध्ये जातींचा फरक आहे, तो असा. सिटका स्प्रूस अलास्का आणि ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरचं. ताठ, वजनाला मध्यम, जोरात वाजवलं तरी आवाज फाटत नाही. आजच्या बहुतेक स्टील गिटारी याच्याच. पूर्व अमेरिकेतलं ॲडिरॉन्डॅक, म्हणजे रेड स्प्रूस, आणखी ताठ. मार्टिन ही अमेरिकी गिटार कंपनी १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तेच वापरायची, पुढे मोठी झाडं मिळेनाशी झाली. रॉकी पर्वतातलं एंगलमन हलकं आणि मऊ, हळू हाताला लवकर उत्तर देतं. वेस्टर्न रेड सिडार त्याहून हलकं, घनमीटरला साधारण ३५०-३७० किलो, तर सिटका ४००-४२५. माद्रिदचे गिटार बनवणारे तिसरे होसे रामिरेझ यांनी १९६० च्या दशकात ते क्लासिकल गिटारमध्ये आणलं आणि तिथून ते सगळीकडे पसरलं. बोटाच्या मांसल भागानं छेडलं तरी सिडार लगेच बोलतं, उबदार वाटतं. पण पिकनं जोरात स्ट्रमिंग केलं की एका मर्यादेनंतर आवाज वाढत नाही, नुसता कोंदतो. शिवाय नखाचे आणि पिकचे वळ त्यावर पटकन उठतात. महोगनीचा टॉप या सगळ्यांत जड. त्यात वरचे स्वर कमी आणि मूळ स्वर ठळक, गाण्यामागे नीटस बसतो, पण मोठ्या खोलीत कमी पडतो.

तरीही या वर्णनांवर डोळे मिटून पैसे घालू नका. एकाच जातीच्या दोन फळ्यांत ताठपणाचा फरक दोन जातींच्या सरासरीतल्या फरकापेक्षा जास्त असू शकतो. आणि जाडी त्याहून भारी पडते. फळीचा ताठपणा जाडीच्या घनावर चालतो. ३ मिलिमीटरचा टॉप २.७ केला, म्हणजे फक्त १० टक्के पातळ, तर ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी घसरतो. चांगला कारागीर सिडारची फळी थोडी जाड ठेवतो, ताठ स्प्रूस थोडी पातळ करतो, ब्रेसेस हातानं तासून टॉप जिथे हलायला हवा तिथे मोकळा करतो. कारखान्यात सगळ्या फळ्या एका मापात निघतात आणि वॉरंटीची भीती असल्यामुळे ते माप जाडच असतं. त्यावर जाड पॉलिस्टरचा थर दिला की सिटका काय आणि सिडार काय, दोन्ही गुदमरतात. साउंडहोलच्या कडेला फिनिशचा थर नखाला जाड, काचेसारखा लागला तर ते लाकडाच्या नावापेक्षा जास्त महत्त्वाचं समजा.

मागच्या आणि बाजूच्या लाकडासाठी फार पैसे मोजू नका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांच्या प्रयोगात फक्त मागची-बाजूची लाकडं वेगळी असलेल्या, बाकी एकसारख्या सहा गिटारी ५२ वादकांना न दाखवता वाजवायला दिल्या होत्या. महाग आणि स्वस्त लाकडांना मिळालेल्या गुणांत फारसा फरक पडला नाही. आपल्या सह्याद्रीतही वाढणारी शिसवी सुंदर दिसते, टिकाऊ आहे, आणि मार्टिननं १९६९ मध्ये ब्राझिलियन रोजवूडऐवजी तीच वापरायला घेतली. पण बजेट अपुरं असेल तर सॉलिड टॉप आणि लॅमिनेट मागची बाजू ही जोडी मी बिनदिक्कत सुचवेन.

तुम्हाला खरंच नवी गिटार घ्यायची झाली तर ठरवायचं उजव्या हातावरून. तीन चतुर्थांश वेळ बोटं आणि सौम्य हात असेल तर सिडार किंवा एंगलमन, शक्यतो ड्रेडनॉटपेक्षा लहान बॉडीत. जोरकस स्ट्रमिंग सोडवत नसेल तर सिटका. दुकानात दोन गिटारींची तुलना करताना दोन्हींवरच्या तारा किती जुन्या आहेत आणि कोणत्या जाडीच्या आहेत ते आधी विचारा. सहा महिने भिंतीवर लटकलेल्या मळक्या तारांची स्प्रूस आणि काल तारा बदललेली सिडार ऐकून लाकडाबद्दल काहीच कळत नाही. एकच ओळ आधी अगदी हळू, मग मध्यम, मग पूर्ण जोरात वाजवा. हळू वाजवताना स्वर भरलेला आहे का, जोरात वाजवताना तो वाढतो की चेपतो, एवढंच ऐका. मग कुणाला तरी वाजवायला सांगून स्वतः तीन-चार मीटर समोर उभं राहा, कारण वाजवणाऱ्याला गिटार कधीच समोरून ऐकू येत नाही.

पण आधी सध्याच्या गिटारचं बघा. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकतो का ते तपासा. सरकत असेल तर ब्रिज सुटू लागला आहे. नव्या तारा चढवू नका, आहेत त्या दोन-तीन स्वर उतरवून दुरुस्तीला द्या. कागद सरकत नसेल तर .०१२ फॉस्फर ब्राँझ लावा, गिटार आठवडाभर सिलिका जेलसोबत केसमध्ये ठेवा आणि मग मोजा: बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली २.४ ते २.६ मिलिमीटर आणि पहिलीखाली १.७ ते १.९ मिलिमीटर हवं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून, सहावी तार चौदाव्या फ्रेटवर दाबली तर सातव्यावर ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर फट दिसायला हवी, व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीहून थोडी कमी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतला पोलादी दांडा) घट्ट करायचा, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि पुढचा पाव फेरा दुसऱ्या दिवशी. किल्ली जोर लावूनही फिरत नसेल तर तिथेच थांबा. ही तीन मापं, हायग्रोमीटरचा आकडा आणि टॉप सॉलिड आहे की लॅमिनेट एवढं कळवलंत तर सॅडलला हात लावायचा की नाही ते नेमकं सांगता येईल.